वजन-उंचीचे रकाने

अंगणवाडीचं एक रजिस्टर उरलंय माझ्याकडे,
निवृत्तीच्या दिवशी चुकून पिशवीत आलेलं.
लेकरांची वजनं लिहायच्या रकान्यात
आज छत्रीचा हिशोब मांडला,
उंचीच्या रकान्यात नव्या वायरचा.

छत्री: महिन्याचे तीनशे दहा.
त्यात चाळीस वाहिन्या अशा, ज्यांची भाषा
या घरात कोणाला येत नाही.
आभाळ भरलं की पडद्यावर चौकोन चौकोन.
आणि वांदरं. गेल्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या हुप्प्यानं
तिच्यावर बसून अख्खी दुपार काढली,
तेव्हापासून तिची मान हिंगणघाटाकडे.
सरळ करायचे कंपनीचा माणूस दोनशे सांगतो
आणि येतच नाही.

वायर: सहाशे, वर कर.
टीव्ही, नेट, सगळं एकाच दोरीनं.
पहिला महिना फुकट.
(फुकटाचं वजन किती धरायचं?)
लाईन गेली की तेही गेलं,
आणि आमच्याकडे लाईन म्हणजे पाहुणी,
चहा घेते, बसत नाही.

"काकू, काहून एवढा विचार करता?"
नगराळेचा वेदांत सांगून राहिला होता,
गळ्यात कंपनीचा पट्टा, पायात स्लिपर.
"जिनिंगवाल्यानं घेतलं, सरपंचानं घेतलं,
तुमच्या बाजूच्या सुगंधाबाईनं बी घेतलं."
मी त्याला ताक दिलं.
काट्याच्या झोळीत बसायला रडायचा हा.
सव्वानऊ किलो, पिवळ्या पट्ट्यात.

हिशोबात न बसणारं मी समासात लिहिते.

लेक पुण्याहून व्हिडिओवर फोन करते
आणि माझा नातू अर्ध्या घासावर थांबतो.
तोंड उघडं, हनुवटीवर वरणाचा थेंब,
आवाज केव्हाच पुढे निघून गेलेला.
मी त्या थांबलेल्या तोंडाशी बोलत राहते.
"आई, ऐकू येतं का?"
येतं गं. तुम्ही हलत नाही.

दुसरं लिहायला वेळ लागला.
छत्री यांच्या नावावर आहे.
दर सव्वीस तारखेला यांच्या बटणांच्या फोनवर
(मी तो चार्ज करून ठेवते) मेसेज येतो.
प्रिय शालिकराम, तुमचा रिचार्ज संपत आहे.
एकदा उशीर झाला, तर
प्रिय शालिकराम, आम्हाला तुमची आठवण येते.
चार वर्षं झाली.
रेशनकार्डातून नाव गेलं, बँकेतून गेलं,
तलाठ्यानं सातबाऱ्यावरून काढलं,
पेनही माझ्याकडूनच मागून घेतला.
मतदारयादीत यंदा नव्हतं.
एवढी एक कंपनी राहिली
जिला कोणी कळवलं नाही.

"नाव काय टाकू?" वेदांतनं फॉर्म उघडला.
सवयीनं तोंडातून यांचंच निघालं.
तेरवीला हाच पोट्टा पंगतीत बुंदी वाढत होता.
तो ताकाच्या गिलासाकडे पाहत राहिला.
"काकू, अंगठा लागते. म्हणजे
समोर बसलेला माणूस लागते."
मग हळूच, "तुमचंच टाकू ना?
पंचफुला, का पंचफुलाबाई?"
मला एकदम सांगता आलं नाही.
बुधवारी ये म्हटलं, बाजार झाल्यावर.

ऊन उतरल्यावर शिडी लावली.
टिन अजून तापलेलंच होतं, पदर घडी करून
गुडघ्याखाली घेतला.
छत्रीची मान धरली, थोडी इकडे, थोडी तिकडे.
आधी वर हे असायचे आणि खाली मी,
आलं, आलं, गेलं, जराशी मागं घ्या,
हे वरून चिडायचे, नीट सांग ना.
आज वरून मीच विचारलं, "आलं का?"
आणि मग लक्षात आलं,
खाली टीव्हीपुढे बसवलंच नाही कोणाला.
बाजूच्या अंगणातून सुगंधा म्हणाली,
"काय आलं, बाई?"

रात्री दोन्ही रकाने होते तसेच.
बेरीज नाही केली.
खाली फक्त एवढं लिहिलं:
नातवाचं वजन विचारणे.